बंद मोटारीला २३१ व्होल्ट, सुरू होताना १६२

लाकूडकामाच्या एका वर्कशॉपमधलं हे प्रकरण. आग लागली नाही, कोणाला इजा झाली नाही, एक एक्स्टेंशन रील वितळली इतकंच. पण ती वितळण्याआधीच्या दोन महिन्यांत तीन जाणकार माणसं ते यंत्र बघून गेली होती. तिघांच्याही बोलण्यात तथ्य होतं, तरीही शेवटच्या दुरुस्तीनंतर धोका आधीपेक्षा मोठा झाला. हे कसं झालं ते समजून घेण्यासारखं आहे, म्हणून मोजमापांसकट लिहितो आहे.

यंत्र म्हणजे सिंगल फेजचा ३ एचपीचा एअर कॉम्प्रेसर. नेमप्लेटवर २.२ किलोवॅट, २३० व्होल्ट, १४ ॲम्पियर. मेन बोर्डापासून मागच्या भिंतीवरच्या सॉकेटपर्यंत २.५ स्क्वेअर एमएमची ३० मीटर वायर भिंतीतून गेलेली. त्या सॉकेटला ४० मीटरची रील, तिची वायर १.५ स्क्वेअर एमएम. रीलच्या टोकाला, शेडच्या पार दुसऱ्या बाजूला, पॉलिश फवारण्याच्या जागेजवळ कॉम्प्रेसर ठेवलेला. ४० मीटरपैकी जेमतेम १२ मीटर वायर उलगडलेली होती, बाकी सगळी ड्रमवरच.

तीन भेटी

तक्रार अशी होती: सकाळी टाकी रिकामी असताना कॉम्प्रेसर बिनबोभाट सुरू व्हायचा. टाकी भरली की आपोआप बंद. मग हवा वापरून दाब उतरला आणि तो पुन्हा सुरू व्हायला गेला, की मोटार नुसती घों घों करायची, उचलायची नाही. दहा-पंधरा सेकंदांत बोर्डातला १६ ॲम्पियरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडायचा.

पहिल्यांदा मोटार दुरुस्त करणारे आले. मोटारीला सुरुवातीचा झटका देणारा स्टार्ट कॅपॅसिटर फुगला होता, तो त्यांनी बदलला. चार दिवस बरे गेले आणि नवा कॅपॅसिटरही फुगला.

मग कॉम्प्रेसरचे मेकॅनिक आले. त्यांनी अनलोडर तपासला. यंत्र थांबल्यावर पिस्टनच्या डोक्यावर अडकलेली हवा सोडून देणारा हा छोटा व्हॉल्व्ह, थांबताना जो ‘फुस्स’ आवाज येतो तो त्याचाच. तो नीट चालत होता. त्यांनी सॉकेटमध्ये मल्टीमीटर घातला, आकडा आला २३१. ‘लाइन एकदम ठीक आहे, मोटारीतच दम नाही,’ असं सांगून ते गेले.

शेवटी वायरमन आले. त्यांनी १६ चा एमसीबी काढून ३२ चा बसवला. ट्रिप होणं थांबलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

नवव्या दिवशी रील वितळली. मोटार अडकून घों घों करत राहिली होती, पण शेजारी सँडर चालू असल्यामुळे ते कोणाला ऐकू आलं नाही. जळक्या प्लास्टिकचा वास आला तेव्हा कारागिराने धावत जाऊन बोर्डावरचा मेन स्विच पाडला. रीलचा प्लग उपटायला तो गेला नाही, हे फार चांगलं केलं. तो प्लग सॉकेटमध्येच मऊ झाला होता.

मालकांनी मला बोलावलं आणि पहिला प्रश्न केला, ‘रील ३००० वॅटची, मोटार २२०० वॅटची. मग जळली का?’

प्रश्न रास्त होता. मात्र मोटारीच्या नेमप्लेटवरचे किलोवॅट हे शाफ्टवर मिळणाऱ्या शक्तीचे असतात, तारेतून ओढल्या जाणाऱ्या शक्तीचे नसतात. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, म्हणून ३ एचपीचे झाले २.२ किलोवॅट. एवढी मोटार साधारण ८० टक्के कार्यक्षम धरली, तर आत २७५० वॅट जावे लागतात. तारेला तर वॅटशीही देणंघेणं नसतं, ती तापते ॲम्पियरने. २३० गुणिले १४ म्हणजे ३२२० व्होल्ट-ॲम्पियर. शिवाय रीलवर दोन आकडे छापलेले असतात, ते आम्ही दोघांनी मिळून जळक्या ड्रमच्या कडेवर वाचले: पूर्ण उलगडून ३००० वॅट, गुंडाळलेली असताना १०००. दुसरा आकडा मालकांनी कधी वाचलाच नव्हता. तो बारीक अक्षरात छापतात याचा मला मनापासून राग आहे.

मोजमाप

तशीच दुसरी रील आणली आणि जमिनीवर पूर्ण उलगडून पसरली. बोर्डात १६ चा एमसीबी परत बसवला. सप्लाय बंद ठेवूनच मोटारीच्या टर्मिनलला मीटरच्या क्लिपा लावल्या, झाकण बसवलं, फेजच्या तारेभोवती सुरुवातीचा प्रवाह पकडून ठेवणारा क्लॅम्प मीटर अडकवला आणि लांब उभे राहिलो.

मोटार बंद असताना टर्मिनलला २३१ व्होल्ट, म्हणजे मेकॅनिकना मिळाला तोच आकडा. सुरू करताना ४९ ॲम्पियर आणि १६२ व्होल्ट. टाकी रिकामी असताना ती रडतखडत वेगात आली, तेव्हा दाबाखाली १५.६ ॲम्पियर आणि २०४ व्होल्ट.

या प्रकरणाची किल्ली त्या २३१ मध्ये आहे. नळाला पाणी येतं का हे तोटी बंद ठेवून बघितलं तर पाइप कितीही बारीक असो, दाब पुरेपूरच दिसणार, कारण पाणी वाहतच नाही. तारेचंही तसंच. प्रवाह नसेल तर तारेत व्होल्टेज पडत नाही आणि मीटर दोन्ही टोकांना सारखाच आकडा दाखवतो. ओहमने १८२७ मध्ये मांडलेला नियम हेच सांगतो: पडणारं व्होल्टेज म्हणजे प्रवाह गुणिले अवरोध. प्रवाह शून्य असेल तर गुणाकारही शून्यच. मेकॅनिकनी मीटर बरोबर लावला होता, फक्त तो लोडवर लावला नव्हता.

आता अवरोधाचा हिशोब. १.५ स्क्वेअर एमएमच्या लवचीक तांब्याच्या वायरीचा अवरोध दर किलोमीटरला १३.३ ओहम असतो. रील ४० मीटरची, पण प्रवाहाला जायचं असतं आणि यायचंही असतं, म्हणून तार धरायची ८० मीटर. हे झाले १.०६ ओहम. भिंतीतल्या २.५ च्या वायरीला किलोमीटरमागे ७.४१ ओहम, ३० मीटर जाऊन-येऊन ६०, म्हणजे ०.४४. बोर्डाच्या मागची सप्लायची बाजू मोजली तर सुमारे ०.२५ भरली. एकूण १.७५ ओहम.

आकडा क्षुल्लक वाटतो. पण ही मोटार सुरू होताना स्वतःच जेमतेम ३.३ ओहमची असते. थांबलेला रोटर, म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग, फिरायला लागेपर्यंत प्रवाहाला अडवणारं फारसं काही नसतं, म्हणून इंडक्शन मोटार सुरुवातीला नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह मागते. या मोटारीला पुरे २३० व्होल्ट मिळाले असते तर तिने सुमारे ७० ॲम्पियर घेतले असते. वाटेतल्या अवरोधामुळे मिळाले फक्त ४९, आणि व्होल्टेज उरलं १६२.

निम्मा जोर

१६२ म्हणजे २३० च्या सुमारे ७० टक्के. पण सुरू होताना मोटारीचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ०.७ चा वर्ग ०.४९. म्हणजे ३ एचपीची ही मोटार पहिला झटका निम्म्या जोराने मारत होती.

सकाळचा आणि दुपारचा फरक इथे उलगडला. टाकी रिकामी असली की अडवायला दाब नसतो, त्यामुळे निम्म्या जोरावरही मोटार हळूहळू वेग घेते. टाकीत दाब असताना अनलोडरने डोक्यावरची हवा सोडलेली असली तरी ती सूट थोड्याच फेऱ्यांपुरती असते. पंप फिरायला लागला की वाटेतली छोटी नळी भरते आणि पिस्टनसमोर टाकीचा पुरा दाब उभा राहतो. पुरा जोर असलेली मोटार तोवर वेगात आलेली असते. ही वाटेतच अडकायची.

फुगणाऱ्या कॅपॅसिटरचंही मूळ इथेच. अशा मोटारीत स्टार्ट कॅपॅसिटर आणि स्टार्ट वाइंडिंग काही क्षणांपुरतेच जोडलेले असतात. वेग सुमारे ७५ टक्क्यांवर आला की आतला सेंट्रिफ्युगल स्विच त्यांना तोडतो. वेग तिथवर पोचलाच नाही तर काही क्षणांसाठी बनवलेला कॅपॅसिटर दहा-पंधरा सेकंद लोडवर राहतो. कॅपॅसिटर जळत होता हे खरं, पण रोग तारेत होता. मोटार दुरुस्त करणाऱ्यांना मी दोष देणार नाही, कारण त्यांच्यापुढे फक्त मोटार आली होती.

एक गोष्ट मात्र खटकली. मोटारीवर ओव्हरलोडचं लाल बटण होतं. ४९ ॲम्पियरवर ते काही सेकंदांत उडायला हवं होतं. झाकण उघडलं तर त्याच्या दोन टर्मिनलमध्ये तारेचा तुकडा टाकून ते बायपास केलेलं. कधी आणि कोणी केलं ते कळलं नाही. बहुधा ते सारखं उडत होतं म्हणून.

रीलमधली शेगडी

तारेत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. हे जूलने १८४० च्या दशकात प्रयोगांनी दाखवून दिलं. नेहमीच्या चालीत १५.६ चा वर्ग गुणिले १.०६, म्हणजे रीलमध्ये सुमारे २५८ वॅट. उलगडलेल्या ४० मीटर वायरीवर हे पसरले तर वायर फक्त कोमट होते. ड्रमवर थरावर थर असताना आतल्या उष्णतेला बाहेर पडायला वाटच नसते.

अडकलेल्या मोटारीसोबत हिशोब आणखी भयानक होतो: ४९ चा वर्ग गुणिले १.०६, सुमारे २५०० वॅट. एक मोठी शेगडी प्लास्टिकच्या ड्रमवर गुंडाळल्यासारखं. त्या रीलच्या फेज आणि न्यूट्रलमध्ये मिळून तांबं जेमतेम १.१ किलो. नुसत्या तांब्याचा विचार केला तर ते दर सेकंदाला सुमारे ६ अंश तापतं. थोडी उष्णता आवरण शोषून घेतं, म्हणून प्रत्यक्षात वेग कमी पडतो, पण साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश आहे. १६ चा एमसीबी पडायला दहा-पंधरा सेकंद लागायचे, तेव्हाही आतले थर प्रत्येक वेळी मर्यादेच्या आसपास जात असणार. दोन महिने रोज तेच.

ड्रम कापून पाहिला. बाहेरचे दोन थर नव्यासारखे. आतले थर एकमेकांत विरघळून एकच काळी कडी झालेली, आणि दोन ठिकाणी उघडं तांबं.

एमसीबी कोणाचा पहारेकरी

मालकांचा समज असा होता की एमसीबी यंत्राला वाचवतो, आणि यंत्र मोठं असेल तर एमसीबीही मोठा हवा. बोर्डातला एमसीबी तारेचा पहारेकरी असतो. त्याचा आकडा त्याच्या पुढच्या सगळ्यात कमजोर तारेवरून ठरतो.

त्याच्या आत दोन यंत्रणा असतात. एक द्विधातूची पट्टी, जी तापून वाकते आणि जास्त झालेला प्रवाह सावकाश ओळखते. दुसरी चुंबकाची, जी शॉर्टसर्किटला तत्काळ पडते. एमसीबीच्या सी प्रकारात चुंबक त्यावर लिहिलेल्या ॲम्पियरच्या ५ ते १० पटीच्या दरम्यान पडतो. सी १६ असेल तर ८० ते १६० ॲम्पियर. मोटार ४९ मागत होती, म्हणजे तीन पट. चुंबकाच्या लेखी ते कमी, पण पट्टी दहा-पंधरा सेकंदांत वाकायची. तो एमसीबी आपलं काम चोख करत होता. या साऱ्या गोष्टीत खरं निदान करणारा तोच एक होता, आणि त्यालाच काढून टाकलं गेलं.

३२ च्या एमसीबीला ४९ म्हणजे दीडपट. एवढ्यावर पट्टीला वाकायला कित्येक मिनिटं लागतात. दरम्यान ज्या तारेला गुंडाळलेल्या अवस्थेत ५ ॲम्पियरही जड, तिच्यातून ४९ जात राहिले.

ज्याबद्दल कोणीच विचारलं नाही

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. समजा, मोटारीतलं वाइंडिंग बॉडीला लागलं असतं. त्या वर्कशॉपमध्ये अर्थची तार मेन बोर्डात न्यूट्रलशी जोडलेली होती. अशा वेळी दोषाचा प्रवाह फेजमधून येऊन अर्थमधून परत जातो. रीलमध्ये आणि भिंतीत अर्थची तार फेजइतकीच जाड, म्हणून वाटेचा अवरोध तोच १.७५ ओहम. २३० भागिले १.७५ म्हणजे १३१ ॲम्पियर.

वायरिंगच्या आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे अशा सर्किटमध्ये २३० व्होल्टला दोष ०.४ सेकंदांत तुटला पाहिजे. त्यासाठी चुंबक नक्की पडायला हवा. सी १६ ला तशी खात्री १६० ॲम्पियरला, म्हणजे आधीच अपुरं होतं. सी ३२ ला ती ३२० ला. १३१ ॲम्पियरवर ३२ चा एमसीबी काही सेकंद तसाच राहिला असता, आणि तेवढा वेळ कॉम्प्रेसरची बॉडी सुमारे १०० व्होल्टवर असती, कारण परतीच्या अर्थ तारेचा ०.७५ ओहम गुणिले १३१ एवढं व्होल्टेज तिच्यावर दिसतं. हँडलला हात लावलेल्या माणसासाठी काही सेकंद फार असतात. साधारण १० मिलिॲम्पियरच्या पुढे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही.

बोर्डात ३० मिलिॲम्पियरची आरसीसीबी (अर्थकडे गळणारा प्रवाह ओळखून सप्लाय तोडणारा स्विच) नव्हती. जिथे अर्थ न्यूट्रलशी जोडलेला नसतो, फक्त जमिनीतल्या रॉडवर भिस्त असते, तिथे दोषाचा प्रवाह याहून कितीतरी कमी असतो आणि एमसीबी कदाचित पडणारही नाही. अशा जागी आरसीसीबीशिवाय यंत्र जोडूच नये.

लांब, बारीक वायर म्हटलं की लोक मोटारीच्या जोराचाच विचार करतात. पण तीच वायर बिघाडाच्या क्षणी एमसीबीला आंधळं करते.

उपाय

मालकांनी आधी जनरेटरबद्दल विचारलं. ५ केव्हीएचा जनरेटर २२ ॲम्पियरचा, सुरुवातीला लागणारे ७० ॲम्पियर तो कुठून आणणार? व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) लावू का, असंही विचारलं. कॅपॅसिटर-स्टार्ट मोटारीवर तो चालत नाही, त्यासाठी मोटारच थ्री फेजची घ्यावी लागते. मेन बोर्डाला थ्री फेज असता तर मी तेच सुचवलं असतं. ४०० व्होल्टला २.२ किलोवॅटची मोटार पाचेक ॲम्पियरवर चालते. इथे सप्लाय सिंगल फेज होता.

मग जाड वायर ओढायची का? ७० मीटरला सुरुवातीची घट आटोक्यात ठेवायची तर बरीच जाड केबल लागली असती. त्यापेक्षा सोपं म्हणजे वीज लांब न्यायची नाही, हवा लांब न्यायची. कॉम्प्रेसर मेन बोर्डापासून १२ मीटरवर आणला आणि फवारणीच्या जागेपर्यंत दाबाच्या हवेसाठी बनवलेली जाड नळी टाकली. नळीतही दाब पडतो, म्हणून १२ मिलिमीटर आतल्या व्यासाची निवडली. मालकांनी पडून असलेला पाण्याचा पीव्हीसी पाइप वापरू का म्हणून विचारलं, त्याला मी ठाम नकार दिला. दाबाच्या हवेने तो फुटला तर त्याचे तुकडे उडतात.

कॉम्प्रेसरला ६ स्क्वेअर एमएमचं स्वतंत्र सर्किट दिलं, प्लग-सॉकेट न ठेवता आयसोलेटर, म्हणजे हाताने सप्लाय तोडायचा स्विच, लावला. एमसीबी सी २०. डी प्रकार सुचवला गेला होता, मी तो घेतला नाही. डीचा चुंबक १० ते २० पटीत पडतो, म्हणजे डी २० साठी ४०० ॲम्पियरची वाट हवी, आणि सी २० वरच मोटार निवांत उचलत असेल तर ती खात्री कशाला सोडायची? पुढे ३० मिलिॲम्पियरची आरसीसीबी. ओव्हरलोडचा बायपास काढून १४ ॲम्पियरचं नवं युनिट बसवलं. बोर्डातलं हे सगळं काम परवानाधारक वायरमनने केलं, आणि ३२ चा एमसीबी बसवणारेच ते वायरमन होते. मीटरवरचे आकडे त्यांनी स्वतः पाहिले.

नव्या जागी सुरू होताना ६५ ॲम्पियर, २१५ व्होल्ट. प्रवाह वाढलेला बघून मालक दचकले. पण तेच हवं होतं. पुऱ्या प्रवाहाने मोटार सेकंदभरात वेगात येते आणि ६५ ॲम्पियर तेवढ्यापुरतेच राहतात. आधी ४९ कमी होते, पण ते थांबतच नव्हते. टाकी पूर्ण दाबावर ठेवून पाच वेळा सुरू केलं, पाचही वेळा उचलली. चालू स्थितीत २२५ व्होल्ट, १४ ॲम्पियर. अर्थच्या वाटेचा अवरोध ०.३३ ओहम भरला, म्हणजे दोषाच्या वेळी ६९० ॲम्पियरच्या आसपास. सी २० ला पडायला २०० पुरतात.

बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला आम्ही एक कागद चिकटवला: कॉम्प्रेसर, तार ६, लांबी १२ मीटर, सी २०, चालू प्रवाह १४.०, सुरू होताना २१५ व्होल्ट. खाली रिकाम्या ओळी सोडल्या. दीड महिन्याने दुसऱ्या कामासाठी गेलो तेव्हा पहिल्या दोन ओळी भरल्या होत्या, कारागिराच्या अक्षरात: १४.१ आणि १४.०. क्लॅम्प मीटर त्याने मालकांकडून मागून घेतला होता.